पश्चात्तापाविना जगण्यासाठी किती धाडस लागते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४४, नोकरी स्थिर, घरी दोन मुले. महाविद्यालयात असताना तीन-चार वर्षे मनापासून प्रस्तरारोहण केले, मग ते सुटले ते सुटलेच. मध्यंतरी आपल्याच वयाचा एक सहकारी ध्यानीमनी नसताना गेला आणि तेव्हापासून आपल्याला वाटू लागले आहे की आयुष्य हातातून निसटते आहे. नोकरी सोडून एखादी मोठी मोहीम करावी का, साठीत मागे वळून पाहताना पश्चात्ताप होऊ नये यासाठी काय करावे, भीतीचे काय करायचे आणि मुलांना या छंदात आणावे का, असे आपण विचारले आहे. मी गेली २६ वर्षे गिर्यारोहण शिकवतो आहे. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे अनेकदा आला आहे आणि त्याचे घाईने दिलेले उत्तर लोकांचे नुकसान करते हेही मी पाहिले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पश्चात्तापापासूनच सुरुवात करू. कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकारी व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४ आणि १९९५ मध्ये या विषयावर महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. नजीकच्या काळाकडे पाहताना माणसाला केलेल्या गोष्टींची चुटपुट अधिक लागते, पण सगळ्या आयुष्याकडे पाहताना न केलेल्या गोष्टीच अधिक सलतात, असे त्यांना आढळले. कारणही समजण्यासारखे आहे. केलेली चूक आपण निस्तरतो, तिच्यातून काही शिकतो, निदान मनाची समजूत तरी घालतो. न केलेल्या गोष्टीचा मात्र शेवटच होत नाही. शिवाय त्या वेळी ज्या अडचणी डोंगराएवढ्या वाटल्या होत्या त्या वीस वर्षांनी अगदी किरकोळ वाटू लागतात, आणि मग आपण तेव्हा का निघालो नाही याचे उत्तर स्वतःलाच देता येत नाही. गिलोविच यांनी शाय डेव्हिडाई यांच्यासह २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. कर्तव्यात कमी पडल्याच्या खेदापेक्षा, आपल्याला जसे व्हायचे होते तसे होता आले नाही हा खेद लोकांच्या मनात अधिक काळ राहतो, कारण चुकलेले कर्तव्य आपण लवकर भरून काढतो आणि स्वप्नाला मात्र उद्यावर ढकलत राहतो.

हे निष्कर्ष मला पटतात, पण त्यांच्या आधारे राजीनामा लिहायला बसणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. मागे वळून पाहायला जे उरले त्यांनाच हा प्रश्न विचारता येतो. जे कड्यावरून परतले नाहीत त्यांचे मत कोणत्याही पाहणीत येत नाही, आणि त्यांच्या घरच्यांचेही सहसा येत नाही.

माझ्या स्वतःच्या आयुष्यात दोन्ही प्रकारचे खेद आहेत. मला ज्यांनी पहिली गाठ मारायला शिकवली ते एक ज्येष्ठ सहकारी दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एका लांबलचक डोंगरधारेवर चार दिवस चालण्याचा बेत सुचवायचे, आणि मी पाच वर्षे "पुढच्या वर्षी नक्की" असे म्हणत राहिलो. सहाव्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी साथ सोडली. नंतर मी ती धार एकट्याने चालून आलो, त्यांच्याजवळ बसून प्रत्येक खिंडीचे वर्णन केले, आणि तो खेद पुरता गेला नाही तरी बोथट झाला. दुसरा खेद केलेल्या गोष्टीचा आहे. एका हिमशिखरावर आम्ही दुपारी बाराला परत फिरायचे ठरवले होते, बारा वाजले तेव्हा माथा समोर दिसत होता, हवा स्वच्छ होती आणि मी दोरावरच्या साथीदाराला म्हणालो, "अर्धा तास अजून." माथ्यावर पोचायला अडीच वाजले. उतरताना अंधार आणि वारा दोन्ही आले, एका उघड्या कपारीत रात्र काढावी लागली आणि त्याच्या पायाची तीन बोटे हिमदंशाने गेली. त्याने मला कधीच दोष दिला नाही. पण तो बूट घालताना डाव्या पायाला थोडा थांबतो, आणि ते पाहिल्यावर "न केलेले अधिक सलते" हा नियम माझ्या बाबतीत तरी उलटा ठरतो.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की निघाच, पण परत फिरण्याची जागा घरी बसून, शांत डोक्याने, निघण्याआधी ठरवा. न निघण्याचा पश्चात्ताप निघाल्याने टळतो. निघाल्याचा पश्चात्ताप मात्र त्या आधी ठरवलेल्या रेषेनेच टळतो.

ही रेषा आधी का ठरवायची, तर तिथे पोचल्यावर आपण विचार करण्याच्या स्थितीत नसतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रसपाटीच्या तुलनेत प्राणवायूचा दाब साधारण एक तृतीयांश उरतो. पण एवढ्या उंचीचीही गरज नाही. थकवा, तहान आणि समोर दिसणारे ध्येय एवढी सामग्री माणसाचा निर्णय बिघडवायला पुरते. स्वीडनचे योरान क्रॉप १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमहून सायकलवर आपले सामान लादून निघाले, हजारो किलोमीटर सायकल चालवत नेपाळला पोचले आणि १९९६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय एव्हरेस्ट चढू लागले. माथा सुमारे १०० मीटर उरला असताना त्यांनी घड्याळ पाहिले, या वेगाने माथा गाठला तर उतरायला उजेड राहणार नाही हे ओळखले आणि ते मागे फिरले. इतके महिने, इतके अंतर आणि मग शेवटच्या १०० मीटरवर पाठ फिरवणे! त्यानंतर आठवडाभरातच, १० आणि ११ मे रोजी, त्याच पर्वतावर वादळात आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेक जण परतीची सुरक्षित वेळ टळून गेल्यावरही वर चढत राहिले होते. क्रॉप २३ मे रोजी पुन्हा गेले, माथ्यावर पोचले आणि नंतर सायकलनेच घराकडे निघाले. ध्रुवप्रदेशाचे संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांनीही ९ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण ध्रुव सुमारे १८० किलोमीटरवर असताना असाच निर्णय घेतला. ध्रुव त्यांना आयुष्यात कधीच मिळाला नाही, परंतु त्या तुकडीतील चारही माणसे जिवंत परतली. माझ्या दृष्टीने या दोन्ही माघारी धाडसाच्या आहेत, आणि मी शिकवताना शिखरांच्या आधी त्यांची गोष्ट सांगतो.

आता नोकरीचा प्रश्न, ज्याविषयी आपण सर्वांत जास्त लिहिले आहे. इथे मला १९६८ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीची आठवण होते. एकट्याने, कोणत्याही बंदराला न लागता, शिडाच्या नौकेतून पृथ्वीला फेरी मारायची होती. नऊ जण निघाले आणि एकच जण ती पूर्ण करू शकला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे पेशाने व्यापारी जहाजावरचे अधिकारी. त्यांची 'सुहैली' ही जेमतेम ३२ फुटांची, संथ नौका होती, पण तिची प्रत्येक फळी आणि प्रत्येक खोड त्यांच्या ओळखीची होती, कारण शर्यतीच्या आधीच त्यांनी तिच्यातून लांबचा सागरप्रवास केला होता. ते १४ जून १९६८ ला निघाले आणि २२ एप्रिल १९६९ ला परत आले. त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे एक इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योजक होते. हुशार, उत्साही, चार मुलांचे वडील. त्यांची नौका नवीन होती, तिची पुरेशी चाचणी झाली नव्हती, आणि प्रायोजकाशी झालेल्या करारामुळे माघार घेतली तर घर आणि व्यवसाय दोन्ही हातचे जातील अशी स्थिती होती. निघण्याच्या अखेरच्या मुदतीच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, ते घाईघाईत निघाले. थोड्याच दिवसांत नौकेत पाणी शिरू लागले. पुढे दक्षिण महासागरात जाणे म्हणजे मृत्यू आणि मागे फिरणे म्हणजे सर्वनाश, अशा कात्रीत सापडल्यावर ते अटलांटिकमध्येच घुटमळत राहिले आणि बिनतारी संदेशांतून आपण कुठे आहोत याची खोटी माहिती देत राहिले. १० जुलै १९६९ ला त्यांची नौका रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले.

या दोघांतील फरक धाडसाचा होता असे मला वाटत नाही. एकाला बंदराकडे परत वळण्याची मोकळीक होती आणि दुसऱ्याने ती किनाऱ्यावरच सही करून देऊन टाकली होती. नोकरी सोडून, साठवलेले सगळे एका मोहिमेत घालून, सर्वांना आधी सांगून निघणारा माणूस हळूहळू क्रोहर्स्ट यांच्या जागी जाऊन पोचतो. त्याला शिखराखाली परत फिरता येत नाही, कारण परत फिरण्यासारखे मागे काही उरलेलेच नसते. दोरी कापून टाकल्याशिवाय खरी हिंमत दिसत नाही असे आजकाल जिकडे तिकडे वाचायला मिळते. ज्याने आयुष्य दोरावर काढले आहे तो असे कधीच म्हणणार नाही.

उलट उदाहरण जपानच्या जुन्को ताबेई यांचे घ्या. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोचलेल्या त्या पहिल्या महिला. तेव्हा त्यांची मुलगी तीन वर्षांची होती. मोहिमेला पैसे मिळेनात, तेव्हा त्यांनी पियानोच्या शिकवण्या घेतल्या आणि लागणारे काही साहित्य स्वतः शिवले. शिखराच्या बारा दिवस आधी त्यांची छावणी हिमलोटाखाली गाडली गेली होती आणि त्यांना बेशुद्धावस्थेत बाहेर काढावे लागले होते. पण मला त्या पराक्रमाइतकेच महत्त्व त्याच्या आधीच्या वर्षांचे वाटते: १९६९ मध्ये स्थापन केलेला महिलांचा गिर्यारोहण गट, एकेक वाढत गेलेली चढाई, आणि संसार व पर्वत यांना एकाच आठवड्यात बसवण्याची रोजची खटपट. मला ओळखीची असलेली जी माणसे साठीत समाधानी आहेत, त्यांतील बहुतेकांनी नोकरी सोडली नव्हती. त्यांनी फक्त वर्षातले काही दिवस असे राखून ठेवले होते की ज्यांना कोणीही हात लावायचा नाही.

भीतीविषयी आपण लिहिले आहे की ती घालवण्याचा उपाय सांगा. तो मला ठाऊक नाही आणि ठाऊक असता तरी सांगितला नसता. भीतीचे काय होते हे पहिल्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, वेळी सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून ते जवळून सांगतो. कड्याच्या टोकाशी माणूस दरीकडे पाठ करून उभा असतो. हार्नेसचे (कमरेला व मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचे) बक्कल दोनदा तपासलेले असते, दोर डिसेंडर या वेग आवरणाऱ्या साधनातून ओवलेला असतो, कॅराबिनर ही उघडझाप होणारी धातूची कडी फिरवून बंद केलेली असते आणि वेगळ्या सुरक्षादोराचे टोक माझ्या हातात असते. मी सांगतो, "मागे झुका, बसल्यासारखे." शरीर बरोबर उलटे करते: कातळाला बिलगते, गुडघे वाकतात, छाती पुढे येते. अशा वेळी पायांचा दाब खडकावर पडण्याऐवजी खालच्या दिशेने जातो आणि पाऊल घसरते. जो माणूस दोरावर वजन टाकून पाय खडकाशी काटकोनात रोवतो, त्याचे बूट मात्र एकदम घट्ट धरतात. हा बदल अर्ध्या हाताच्या अंतरात होतो. चेहरा पांढराच असतो, भीती तेवढीच असते, पण पायाखाली पकड आल्याचे त्याला कळते आणि श्वास बदलतो. मी तो श्वास ऐकण्यासाठी गप्प राहतो. ज्यांना अजिबात भीती वाटत नाही त्यांच्याकडे मी अधिक लक्ष ठेवतो, कारण गाठ तपासायला ते विसरतात.

गाठीचा विषय निघाला म्हणून सांगतो. लिन हिल या १९८९ मध्ये जगातील अव्वल प्रस्तरारोहकांपैकी एक होत्या. फ्रान्समधील ब्यू येथे एका सोप्या चढाईआधी त्यांनी दोर हार्नेसमधून ओवला, मध्येच लक्ष दुसरीकडे गेले आणि गाठ अपुरीच राहिली. वरून जाकीट असल्याने ती कोणाला दिसली नाही. उतरण्यासाठी दोरावर भार टाकताच त्या २० मीटरहून अधिक उंचीवरून पडल्या. झाडाच्या फांद्यांमुळे वाचल्या, आणि पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतील एल कॅपिटन या प्रचंड कड्याच्या 'नोज' या मार्गावर केवळ हातापायांच्या बळावर चढणारी पहिली व्यक्ती ठरल्या. आपण पूर्वी चढत होता, हीच आपली सर्वांत मोठी जोखीम आहे. हातांना जुनी सवय आठवेल, पण मनगटे, खांद्यांचे स्नायुबंध आणि साहित्याची पद्धत या वीस वर्षांत बदलली आहे. त्यामुळे नवख्यांच्या वर्गात बसा, आणि प्रत्येक चढाईआधी साथीदाराने आपली व आपण त्याची गाठ हात लावून तपासण्याचा नेम धरा.

पहिल्या वर्षाचा बेत मी असा सुचवेन. सुरुवातीचे सहा महिने फक्त चालणे आणि छोट्या कातळावरची चढाई. वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढणीच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. आपला खरा वेळ त्याच्याशी ताडून पाहा, म्हणजे स्वतःविषयीचे गैरसमज लवकर दूर होतात. त्यानंतर उंचीवरचा एखादा सोपा मार्ग घ्या. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे; या नियमात सुट्ट्या कमी आहेत म्हणून काटछाट करणारे लोक मी आजारी पडलेले पाहिले आहेत. मोठ्या मोहिमेचा विचार तिसऱ्या वर्षी. तोवर आपण ४७ वर्षांचे असाल, आणि ते वय काहीच नाही. जपानचे युइचिरो मिउरा यांनी साठी उलटल्यावर पाठीवर आणि घोट्यांना वजने बांधून चालण्यापासून नव्याने सराव सुरू केला आणि २००३ मध्ये वयाच्या ७० व्या वर्षी एव्हरेस्ट गाठले. नंतर ७५ व्या आणि ८० व्या वर्षीही.

एक गोष्ट मात्र आपल्या पत्रात मला खटकली, ती स्पष्टच लिहितो. आपण मोहिमेचे नाव, तिची उंची आणि ती पूर्ण झाल्यावर काय वाटेल हे सगळे लिहिले आहे, पण चढताना काय आवडायचे याबद्दल एक ओळही नाही. छंद खरा आहे की नाही हे मी माणसाच्या चढण्यावरून ओळखत नाही. परत आल्यावर दोर कोण धुतो, तो सावलीत कोण पसरतो (उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन कमजोर होते), आणि वाळताना वीत-वीत दोर हातातून सरकवून कुठे मऊ पडला आहे का हे कोण पाहतो, यावरून ओळखतो. ज्याला हे कंटाळवाणे काम प्रिय असते त्याला शिखर मिळाले नाही तरी त्याची वर्षे वाया जात नाहीत. आपल्याला कातळाऐवजी दुसरेच काही मनापासून हवे असेल, समुद्र किंवा तबला किंवा झाडे, तर तेही तितकेच मोलाचे आहे. सहकाऱ्याच्या मृत्यूने जो धक्का दिला त्याला उत्तर म्हणून उंच पर्वतच हवा असे मुळीच नाही. पहिल्या सहा महिन्यांत हे आपोआप कळेल.

घरच्यांशी बोलताना परवानगी मागू नका आणि निर्णयही सुनावू नका. निघण्याआधी एका कागदावर मार्ग, सोबतीला कोण आहे, परत फिरण्याची वेळ आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे हे लिहून तो त्यांच्या हातात द्या. आपण ती वेळ खरोखर पाळता हे दोन-तीनदा दिसले की त्यांची काळजी बरीच उतरते. मी ती एकदा मोडली, आणि घरच्यांचा विश्वास परत मिळवायला मला दोन मोसम लागले.

मुलांविषयी: थोरली बारा वर्षांची आहे आणि स्वतःहून विचारते आहे असे आपण लिहिता, तर तिला न्या, धाकटा विचारत नसेल तर त्याला त्याच्या खेळात राहू द्या. पहिल्या दिवशी तिला चढवू नका. आठच्या आकड्याची गाठ घरी, जुन्या दोरीच्या तुकड्यावर शिकवा, ती डोळे मिटून मारता येऊ द्या, आणि गाठीच्या पुढे निदान वीतभर टोक उरले आहे का हे तिलाच मोजायला सांगा. हेल्मेट तिच्या मापाचे घ्या, मोठे होईल म्हणून एक नंबर जास्त नको. हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे जेमतेम शिरली पाहिजेत आणि मान हलवल्यावर ते कपाळावर सरकता कामा नये. मग आपली गाठ तिला तपासू द्या. तिने चूक दाखवली तर दोर सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधा, ती चूक आपल्याला किरकोळ वाटली तरीही.